चादर उलटून पाहिली

मंडळी, आज आमच्या चादरीच्या कारखान्यात मालकांनी एका वक्त्याला बोलावलं होतं. "नजर बदला, आयुष्य बदलेल," असं ते म्हणाले. आम्ही टाळ्याही वाजवल्या.

ते गेल्यावर सुपरवायझरनं सांगितलं, सोमवारपासून अर्धे माग बंद. चादरी तपासणाऱ्या आम्हा बायकांनी यायचं नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या लक्ष्मीअक्काला मी विचारलं, "अक्का, त्या भाषणवाल्या साहेबांचं पटलं का गं?"

तिनं हातातली चादर उलटी केली. लालावरचं पिवळं फूल आता पिवळ्यावर लाल दिसायला लागलं.

"रंग बदलला की! पण तुटलेला धागा हिकडनं बी तुटलेलाच हाय, बघ."

घरी आल्यापासून मी सोमवार उलटून पालटून बघतेय. तुम्हाला कुठून वेगळा दिसतोय का?