माह्या नावाच्या ओळी

आम्हा नवरा-बायकोत फोन एकच. माह्या नावाचा, पण चालवायची ती. माही शाळा चौथीतच सुटली. वाचता येते, पण त्या बारीक बटनांवर बोट बसत नाही. तिचा अन् तिच्या बहिणींचा ग्रुप होता, दिवसभर टिंगटिंग चालायची. ती गेली, अन् आता फोनही मरायले टेकला. मी सुनेले म्हटलं, "हा बंद पडायच्या आधी तिचं लिहिलेलं तेवढं काढून दे. बाकीच्यांचं गुड मॉर्निंग मले नको."

सून कामरगावात घरी बसून कंपनीचे प्रोग्राम लिहिते. तिनं सगळा ग्रुप एका फाईलीत उतरवला. म्हणाली, "बाबा, पूर्ण फाईल वाचायची गरज नाही. प्रोग्राम एकेक ओळ पाहील. सुरुवातीले आईंचं नाव असलं तर ठेवील, नसलं तर सोडून देईल."

"तूर निवडल्यासारखं?"

"तसंच."

तिनं बटन दाबलं. पडदा कोरा. एक ओळ आली नाही.

एवढी बोलणारी बाई, अन् तिचं काहीच नाही? सुनेवर ओरडलो, "कायचं शिकल्या तुमी!"

तिनं फाईल वरखाली करून पाहिली अन् हसली. "बाबा, फोन तुमच्या नावाचा. आई बहिणींच्या ग्रुपात तुमच्या नावानंच बोलून राह्यल्या होत्या."

माहं नाव टाकल्याबरोबर ओळी धडाधड आल्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी माहं नाव, मग तिचं बोलणं. 'हे सकाळपासून कटकट करून राह्यले.' 'भरीत केलं. यांले आवडलं, पण सांगतीन कायले?'

"नाव कापून टाकू का, बाबा? नुसत्या आईंच्या ओळी राहतील."

"राहू दे."

जन्मभर तिनं माहं नाव तोंडातून काढलं नाही. लग्नात बाया मागं लागल्या म्हणून उखाण्यात घेतलं, तेवढंच. बाकी सगळं 'हे', नाही तर 'ऐकून राह्यले का'.

सुनेनं ओळी मोठ्या अक्षरात छापून आणून दिल्या. दोन-तीन वाचतो, डोळे थकतात, ठेवून देतो. काल एक निघाली: 'हे झोपले एकदाचे. बोला आता.'

मले आजकाल झोप लागत नाही.