मालूचे उपास

हौसाला धाकट्या जावेचा, मालूचा, हेवा वाटे तो ती जेवत नसे म्हणून.

दोघी वडखळजवळ खाडीकाठच्या एका घरात नांदत. हौसा मिठागरावर पाट्या वाही आणि घरी आली की दोन भाकऱ्या, कालवण बसल्या बैठकीला संपवी. सासू धोंडुबाई चारचौघींत म्हणे, हिचं पोट हाय का रांजण. मालू एक्याण्णव साली रोह्याजवळच्या वरशाहून लग्न होऊन आली. आधी सोमवार, मग गुरुवार, शनिवार धरता धरता तिने अन्नच टाकल्यासारखं केलं. सासूला केवढं कौतुक! शेजारणी पोरीबाळींना मालूच्या पाया पडायला आणू लागल्या. हौसाला मात्र बारा वर्षांत त्या घरात एक गोड शब्द मिळाला नव्हता.

मग तिनेही उपास धरले. तिसऱ्या दिवशी भरली पाटी घेऊन बांध चढताना अंधारी आली आणि ती मिठातच आडवी झाली. सासू म्हणाली, त्याला पुण्याई लागते. हौसाने घरी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या आणि खाताना मालूचं वाईट चिंतलं.

पुढच्या उन्हाळ्यात मालू विहिरीवर कोसळली. हौसाने तिला उचललं, तर पाटीभर मीठ तिच्याहून जड वाटावं. तिची पाळीही कधीची थांबली होती. कुणाला न विचारता हौसाने तिला एसटीत घातलं आणि पेणला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, हे व्रत नव्हे, आजार आहे. असंच चाललं तर ही पोर जगायची नाही.

बाहेर बाकावर हौसाने विचारलं, "का गो असं केलंस?"

लग्नाआधी मालू रोह्याला कंपनीत पॅकिंगला जायची. सासरी आल्यावर ते सुटलं.

"बाय, लुगडं कुठलं नेसायचं, माहेरी कधी जायचं, सगळं तुम्ही घरच्यांनीच ठरवलंत," ती म्हणाली. "ताटाला तेवढं मी नाय म्हणू शकले. त्याला कोण रागावलं नाय. उलट पाया पडले."

हौसाने आजवर कशालाच नाय म्हटलं नव्हतं.

तिने मालूला परस्पर वरशाला माहेरी पोचवलं आणि सासूच्या शिव्या एकटीने खाल्ल्या. मालू हळूहळू सावरली, कधीकधी ताट दूर सारायची तरी. वर्षाने पुन्हा कंपनीत लागली.

हौसा एकदा भेटायला गेली. शिफ्ट सुटून मैत्रिणींबरोबर हसत येणाऱ्या मालूला पाहून तिला पुन्हा हेवा वाटला. आपल्यालाही कुणीतरी वेळेवर एसटीत घालायला हवं होतं, असं तिला वाटलं.