भाऱ्याला हात

दुपारचा चहा झाला की मी घरामागची टेकडी चढतो. वीस मिनिटांचा चढ. माथ्यावर कातळ, वाळलेलं गवत आणि पलीकडे समुद्र. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एवढंच माझं काम.

काल अर्ध्या वाटेवर गवताच्या भाऱ्याशेजारी एक बाई उभी होती. तिने लांबूनच हात वर केला. मीही हात हलवला. इथली माणसं किती मोकळी, ओळख नसताना हात करतात, या कौतुकातच वर गेलो आणि ऊन पाण्यावर उतरेपर्यंत निवांत बसलो.

परतताना पाहतो तर ती तिथेच, भाऱ्याला टेकून बसलेली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एवढा भारा एकटीने डोक्यावर चढत नाही. वाटेने जाणाऱ्या कुणीतरी हात लावावा लागतो. मी ज्या वाटेवर भूक लागावी म्हणून फिरतो, तिथे ती माझ्या परतण्याची वाट पाहत बसली होती.

"मघाशी हात केला होता, भाऊ," ती उठत म्हणाली. "तुम्हांला दिसलं नसेल."

"नाही हो, दिसलंच नाही," मी म्हणालो.

मी हात लावून भारा तिच्या डोक्यावर चढवला. तिने मान ताठ करून तो तोलला आणि ती भराभर उतरून गेली.

रात्रीपर्यंत सदऱ्याच्या बाहीतली कुसळं टोचत होती. मी हात हलवला होता, चांगला दोनदा, हसत हसत. आणि ते तिने पाहिलं होतं.