काटेबाईंचा नकाशा

माझी आत्या वजनकाटे तपासणारी इन्स्पेक्टर होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे तिला काटेबाईच म्हणतात. सख्ख्या भावाने आणलेली साखरही ती तोलून मगच डब्यात भरते. टॅक्सीच्या ॲपवर तर तिचा पहिल्या दिवसापासून संशय. "माणूस बघून भाडं लावतात मेले," हे रोजचंच.

शेवटी वैतागून मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. तिच्या खात्यावरून तो दोन आठवडे शहरातल्या साठ ठिकाणांहून सारख्याच अंतराचं भाडं विचारत राहिला. मग मी नकाशा रंगवला. स्वस्त तिथे हिरवा ठिपका, महाग तिथे लाल.

"लाल फक्त चार आहेत," मी म्हणाले. "तिथे गाड्या कमी असणार. झालं समाधान?"

आत्याने चष्मा पुसून लाल ठिपक्यांची ठिकाणं वाचली. आमचं दार, गुडघ्याचे डॉक्टर, बँक, तिच्या धाकट्या बहिणीचं घर.

"मी जाते नेमक्या तिथेच गाड्या कमी?"

"योगायोग असेल."

"इन्स्पेक्टरचा चेहरा ओळखीचा झाला की दुकानदार काटा बदलतो. म्हणून मी एका दुकानात दुसऱ्यांदा कधी स्वतः गेले नाही. तू कुणाच्या नावाने विचारलंस?"

"तुझ्याच."

ती शेजारच्या वहिनींचा फोन मागून घेऊन आली. दोन्ही फोनवर तेच दार, तोच दवाखाना, तेच मिनिट. वहिनींना भाडं पाऊणपट.

"हा नकाशा शहराचा नाही, माझा आहे," ती म्हणाली. "पुसून टाक."

मी फाइल पुसली.

"तुझ्याकडची नव्हे गं. त्यांच्याकडची."