डॉक्टरांनी माझी प्रार्थना बंद केली

“आजी, व्होकल कॉर्डवर गाठ दिसते,” बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं. व्होकल कॉर्ड म्हणजे गळ्यातल्या, आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्या. “तुकडा काढून तपासू. कॅन्सर आहे की नाही ते मग कळेल. त्यानंतर आठ दिवस बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही.”

मी कॅन्सरवरच अडकले. सून रूथ मात्र दुसऱ्याच वाक्यावर अडकली होती. “डॉक्टर, आठच दिवस?”

तीन महिने आवाज बसलेला, आणि मी हळद-गूळ खाऊन जानेफळच्या चर्चच्या मंडळीत वरच्या पट्टीत गातच होते. तुम्ही असं करू नका. तीन आठवड्यांत घसा सुटला नाही, तर दाखवून या.

या तपासणीला बायोप्सी म्हणतात. भूल देतात, त्यामुळे कळत नाही. कळतं ते नंतरचं वाट पाहणं.

तरुणपणी आजाऱ्यांना भेटणं हे माझं खास काम. पदर सावरून खाटेशी उभी राहायची आणि सांगायची, “दुःखातही आनंद मानावा बाई, प्रभू धीर शिकवतो.” मग इतकी लांब प्रार्थना, की पेशंटची पेज गार व्हायची. एकीला तर बेडपॅन हवं होतं आणि मी आमेनच म्हणेना. ती रडायला लागली, तेव्हा मला वाटलं, पवित्र आत्मा कार्य करतो आहे.

आता खाटेवर मी, हातात पाटी. मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, तर दोन मिनिटांत संपली. एरवीची उरलेली अठ्ठावीस मिनिटं बाया ऐकत असायच्या म्हणून होती. आता शिल्लक राहिलं ते एवढंच: देवा, मला भीती वाटते. हे मी त्याला उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर रोहिणखेडच्या शकीलाबी. त्यांच्या मानेतल्या गाठीचाही तुकडा काढलेला.

“काऊन वो बाई, बोलत नाई? रागावल्या का माह्यावर?”

मी पाटीवर लिहून दाखवलं.

“मले कुठं वाचता येते? तुम्ही नुसती मुंडी हालवा.”

दोन दिवस मी मुंडी हलवली. त्यांच्या बकरीनं जावयाचा लग्नातला सूट खाल्ला, तेही ऐकलं. आवाज न काढता हसलं की खाट हलते. मध्येच एखादा शहाणा उपदेश जिभेवर यायचा, तो गिळायचे. भीती होती तिथंच होती, फक्त आता तिच्या शेजारी हसूही येऊन बसलं होतं. ज्या आनंदाविषयी मी लोकांना इतकी वर्षं शिकवलं, त्याची नि माझी ओळख अशी झाली.

मग दोघींना घरी सोडलं; आठव्या दिवशी रिपोर्टसाठी परत गेलो. “कॅन्सर नाही,” डॉक्टर म्हणाले. “आता थोडं थोडं बोला. पण वरचा सूर परत येणार नाही.”

रूथ रडली. मी मनातच आभार मानले, लगेच आमेनही म्हटलं.

बाहेर बाकावर शकीलाबी बसल्या होत्या. त्यांचा रिपोर्ट अजून कळायचा होता. नंबर बराच मागे होता.

“आता तं बोलता येते ना?” त्या म्हणाल्या. “बोला मंग काही.”

धीरावरची सहा वचनं तोंडपाठ होती. मी शेजारी टेकले. “मी आहो इथंच,” बेडकासारखा आवाज निघाला.

“आई, आपली गाडी सुटते हो,” रूथ म्हणाली.

“सुटू दे.”

आमचा नंबर यायला अजून अकरा जण होते.