मोहियुद्दीन पेंटरचा कंगवा

खालापूरच्या मोहियुद्दीन पेंटरनं उभ्या आयुष्यात चित्र काढलं नाही, पण पत्र्याच्या दाराचं सागवान करावं ते त्यानंच. पिवळ्यावर तपकिरी हात मारायचा, तो ओला असतानाच रबरी कंगवा थरथरवत खाली ओढायचा. गाठींसकट लाकूड उमटे. मोहोपाड्याच्या कॉलनीतली निम्मी दारं त्याची, निम्मी पोपटची. पोपट त्याचा जोडीदार, त्याच्याच हाताखाली शिकलेला.

पुढे गावच्या नाटकाचा पडदा रंगवताना पोपटनं तोच कंगवा राक्षसाच्या दाढीवरून फिरवला. केस न् केस सुटा दिसला. "ही करामत कुणाची?" लोक विचारत आणि पोपट नुसता हसे. मोहियुद्दीनला ते झोंबलं. बोलणं तुटलं, त्याला नऊ वर्षं झाली.

यंदा मोहियुद्दीनची लेक नमिरा चित्रकलेच्या पदविकेला बसली. सकाळी चहा पिताना ती वही अब्बांच्या हाती देई आणि पाठ म्हणून दाखवी.

"घनवाद. पॅरिसमधले दोन चित्रकार, ब्राक आणि पिकासो. ब्राकनं एका गावाची घरं नुसती खोक्यांसारखी रंगवली. कुणी हसलं, 'हे तर घन!' तेच नाव पडलं. रोज संध्याकाळी दोघं एकमेकांचं काम बघायला जायचे. चढाओढही तेवढीच. ब्राकचे वडील घरं रंगवायचे..."

"घरं?" मोहियुद्दीननं कप खाली ठेवला.

"हो अब्बा. लाकडाच्या रेषा कंगव्यानं काढायची युक्ती ब्राकनंच चित्रात आणली. पिकासोनं ती उचलली आणि माणसाच्या केसांना वापरली."

"मग भांडले?"

"त्यावरनं नाही. पण नाव जास्त झालं ते पिकासोचं."

दुसऱ्या दिवशी मोहियुद्दीननं पोपटकडे जायला कर्जतची एसटी धरली.

पोपट अंगणात वालाच्या शेंगा सोलत होता. मोहियुद्दीननं बसल्याबसल्या सगळी हकिगत सांगितली.

"तो पिकासो मला काय ठावं," पोपट म्हणाला. "पण तुजं नाव घ्याया पायजे हुतं. जीभच उचलली नाय."

"का रं?"

"लोकं पयल्यांदाच माज्याकडं बघत हुती. तू संगं असलास की तुज्याकडंच बघायची."

हे मोहियुद्दीनच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं सुपातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलू लागला.

"दाढी मात्र झकास काढलीस," तो म्हणाला. "मला नसतं सुचलं. मी जन्मभर दारंच केली असती."

पोपटनं सूप त्याच्याकडे सरकवलं. आतून त्याची बायको बायजा म्हणाली, "भावजी, जेवल्याबिगर जायचं नाय."

तिन्हीसांजेला तो घरी आला तेव्हा त्याच्या बायकोनं, रजियानं विचारलं, "काय म्हणाला?"

"शुक्रवारी येतोय. नमिराला सांग, त्याला ते खोक्यांचं गाव बघायचंय."