मैत्रीचं पहिलं शील

शिकागोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा जावई माझ्यासाठी जाडजूड कोट घेऊन उभे होते. नागपूरहून निघताना मी दोन स्वेटर चढवले होते आणि आता थंडी माझं काय वाकडं करणार, अशा ऐटीत होतो. बाहेरचं दार उघडलं आणि ऐट उतरली. मुकाट्याने कोट घातला.

त्यांचं घर नेपरव्हिलला, शिकागोच्या पश्चिमेला. एकसारखी घरं, अंगणात बर्फाचे ढीग आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे माणसं राहतात की नुसत्या मोटारी, असं विचारावंसं वाटलं. दारात मुलगी वैशाली उभी होती आणि तिच्या पायाला बिलगून माझी चार वर्षांची नात मैत्री. आजवर तिला फोटोतच पाहिलेलं. "जय भीम, आजोबा," ती म्हणाली. तिथून पुढे सगळं इंग्रजी.

मी आयुष्यभर कॉलेजात पाली शिकवली. त्यामुळे वैशालीने चहाचा कप हातात देतानाच काम सोपवलं. "बाबा, हिला वंदना शिकवा ना. आम्हाला जॉबमधून टाइमच मिळत नाही." दुसऱ्या दिवसापासून बेसमेंटमध्ये (घराखालचं तळघर, पण गालिचा घातलेलं, उबदार) आमचा वर्ग सुरू झाला. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. 'पाणातिपाता' म्हटलं मात्र, मैत्री उठून जिन्याने वर पळाली आणि प्लॅस्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि पुन्हा हात जोडून बसली.

दुसऱ्या दिवशी तेच. वैशाली हसत म्हणाली, "तिला वाटतं, पाणातिपाता म्हणजे पाणी द्यायचं."

पालीत पाण म्हणजे प्राण. जीवहत्या करणार नाही, असं हे पहिलं शील. मी तिला ते नीट समजावलं. तिने गंभीरपणे मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेला आणला. चुकीचा अर्थ लावलेला मला खपत नाही. कित्येक विद्यार्थी त्यापायी माझ्यावर चिडून गेले. पण ही समोर उभी राहून मी पिण्याची वाट बघायची, म्हणून पीत होतो.

एका शनिवारी जावई आम्हाला आगगाडीने शिकागोला घेऊन गेले. गाडी दुमजली, स्वच्छ आणि गप्प. समोर टोपी घातलेला एक धिप्पाड, थकलेला माणूस बसला होता. मैत्रीने त्याला नाव विचारलं. "फ्रँक," तो म्हणाला. "आय ॲम मैत्री," असं सांगून तिने हातातलं अर्धं बिस्कीट त्याला दिलं. त्याने ते खाल्लं आणि टोपीला हात लावून आभार मानले. माझ्या मनात आलं, आपल्याकडे नुसतं नाव सांगून सुटका होत नाही, लगेच आडनाव येतं. शहर मोठं होतं, इमारती उंच होत्या, मान दुखली. परतताना मैत्री माझ्या मांडीवर झोपली.

घरात एक गोष्ट मात्र मला खुपत होती. शेजारी पुण्याची सुनीता राहायची. वैशाली कामावर जाताना मैत्रीला तिच्याकडे सोडायची, अगदी रांगती होती तेव्हापासून. सुनीताच्या सासूबाई पुण्याहून आल्या आणि ते बंद झालं. आईंची तब्येत बरी नसते, हे कारण. वैशालीला ते पटलं होतं. मला नाही.

"सुनीता तशी नाहीये, बाबा. तुम्ही प्लीज काही बोलू नका. मला इथे दुसरं आहे कोण?" असं म्हणून वैशालीने रविवारी त्या दोघींना पोह्यांना बोलावलं.

पोह्यांची फोडणी पडली आणि छतावरचा धुराचा भोंगा केकाटू लागला. पाहुण्या आत आल्या तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होतो. खाली उतरून नमस्कार केला.

"आडनाव काय म्हणालात?" आजींनी विचारलं. मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

"मेश्राम."

"अच्छा, नागपूरकडचे." त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. पोहे आले, तर त्यांचा उपास निघाला. चहा त्यांनी म्हणे सोडला होता. सुनीता खाली गालिच्याकडे बघत राहिली.

माझ्या लहानपणी गावात आम्हाला पाणी वरून ओतायचे, आम्ही ओंजळ धरायची. तेव्हापासून पाणी देता-घेता मी आधी समोरच्याचा चेहरा बघतो. प्रोफेसर झालो तरी ते सुटलं नाही. आजींचा चेहराही मी बघितला. रागाने कान तापले. काय बोलायचं ते वाक्यसुद्धा तयार झालं. स्वयंपाकघराच्या दारातून वैशाली डोळ्यांनी मला विनवत होती.

तेवढ्यात मैत्री पेला घेऊन आली. काठोकाठ भरलेला, म्हणून वाटेत एक घोट तिनेच घेतला.

"आजी, पाणी."

"नको बाळ, तहान नाही."

"ओके. आय विल वेट." ती पेला दोन्ही हातांत धरून त्यांच्या शेजारी बसली. मोठ्यांच्या गप्पा बर्फावर आणि विमानाच्या तिकिटावर चालू राहिल्या. मध्येच ती मान वर करून विचारायची, "नाऊ?" आजी नको म्हणायच्या. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तहान अजून लागली नाही, एवढाच तिच्या लेखी त्या नकाराचा अर्थ.

शेवटी आजींनी पेला घेतला. मान मागे टाकून ओठ न लावता वरून पाणी ओतलं. पेला रुंद तोंडाचा. पाणी नाकात गेलं, पदरावर सांडलं, जोराचा ठसका लागला. मैत्री खुदकन हसली. मग तिला दया आली असावी. तिने पेला परत घेतला.

"आजी, लाइक धिस," म्हणून काठाला ओठ लावून एक घोट प्यायली आणि पेला त्यांच्या हातात दिला. "नाऊ यू."

सुनीता पुटपुटली, "आई, राहू दे हवं तर."

आजींनी पेल्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि पेला ओठांना लावला. सगळं पाणी संपवलं. "आलं का गं मला?"

"गुड जॉब," मैत्री म्हणाली.

सगळ्यांच्या आधी आजीच हसल्या. माझं तयार वाक्य तोंडातच राहिलं आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

एका पेल्याने माणूस बदलतो असं मी मानत नाही. आजींनी आणि मी पुढेही दुरून नमस्कारच केला. पण सोमवारी सकाळी सुनीता मैत्रीला न्यायला स्वतः आली. वैशालीने दार लावलं आणि भिंतीला टेकून जरा रडली.

मैत्री या शब्दावर मी वर्गात तासन्‌तास बोललो आहे. बोलताना समोर कोण बसलंय, कुठला आहे, याचा हिशोब मात्र मनात कायम चालू असायचा. ही पोर असला हिशोब शिकलेलीच नव्हती. माझ्यापेक्षा ती त्या शब्दाच्या जास्त जवळ होती, हे मला मान्य करावं लागलं. तिच्या पालीतली चूक मी पुन्हा काढली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरला परतलो. भेटेल त्याला इमारतींची उंची सांगून झाली. परवा एका जुन्या सहकाऱ्याकडे भर दुपारी गेलो होतो. त्यांच्या घरी पहिल्यांदाच. सुनेने पाणी आणलं. मी पेला घेतला आणि घटाघटा प्यायलो. तिचा चेहरा कसा होता, ते मला सांगता येणार नाही. तहान लागली होती.